अनिष्टाची समस्या : मध्ययुगीन ख्रिस्ती ईश्वरविचार आणि औंढा-नरसीची संतपरंपरा

प्रास्ताविक

इ.स. १२७४ च्या मार्च महिन्यात इटलीतील फॉसानोव्हा येथील मठात थॉमस अ‍ॅक्वायनस याचे निधन झाले. परंपरेने मानलेला जन्मकाळ ग्राह्य धरल्यास संत नामदेव त्या वेळी तीन वर्षांचे होते. एकाचा जन्म सिसिलीच्या राज्यातील सरदार घराण्यात झाला. दुसऱ्याचे जन्मस्थान म्हणून आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी या गावाचा निर्देश केला जातो, यद्यपि पंढरपूरचा पक्ष मांडणारेही अभ्यासक आहेत. या दोघांना परस्परांची वार्ता असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तथापि ईश्वर आहे काय, आणि असल्यास जगात दुःख व अन्याय का, हे दोन प्रश्न दोन्हीकडे एकाच शतकात विचारले जात होते. आणि दोन्हीकडे ते ईश्वरावर निष्ठा असलेल्या माणसांनीच विचारले होते. प्रस्तुत लेखात मध्ययुगीन ख्रिस्ती विचाराने या प्रश्नांना दिलेली उत्तरे औंढा-नरसीच्या परिसरातील संतपरंपरेसमोर ठेवून तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

अशा तपासणीची गरज मुख्यतः अध्यापनाच्या अंगाने जाणवते. धर्माच्या तत्त्वज्ञानावरील प्रचलित पाठ्यपुस्तकांत ईश्वरास्तित्वाची प्रमाणे एका प्रकरणात आणि अनिष्टाची समस्या दुसऱ्या प्रकरणात येते. विद्यार्थी पाच प्रमाणे पाठ करतो, पुढे अनिष्टाचे नैसर्गिक व नैतिक असे दोन प्रकार पाठ करतो, आणि या दोहोंचा परस्परसंबंध त्याच्या ध्यानात येतोच असे नाही. वस्तुतः ज्या ग्रंथातून ही पाच प्रमाणे घेतलेली आहेत त्या ग्रंथात ती अनिष्टाच्या आक्षेपानंतर आणि त्या आक्षेपाच्या दडपणाखालीच मांडलेली आहेत.

ऑगस्टीन ते अ‍ॅक्वायनस

मध्ययुगीन चर्चेचा पाया सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने घातला. तारुण्यात तो मानी पंथाचा अनुयायी होता. या पंथाच्या मते प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र आद्य तत्त्वे असून जगातील दुःख हा अंधाराचा पराक्रम होय. या मताचा मोठा लाभ असा, की त्यात ईश्वरावर दोष येत नाही. परंतु त्यासाठी ईश्वराचे सर्वसामर्थ्य सोडावे लागते आणि जडद्रव्य, देह, जन्म हे सर्व मुळातच दूषित मानावे लागते. ऑगस्टीनने पुढे ही भूमिका टाकली व अनिष्ट हे स्वतंत्र द्रव्य नसून इष्टाचा अभाव आहे, असे प्रतिपादन केले. आंधळेपण ही डोळ्यात शिरलेली एखादी वस्तू नव्हे. जेथे दृष्टी असावयास हवी तेथे ती नसणे म्हणजे आंधळेपण. दगडाला दृष्टी नाही म्हणून कोणी दगडाला आंधळा म्हणत नाही. ‘असावयास हवे ते नसणे’ हा या व्याख्येतील नेमका अंश असून सामान्यतः तोच दुर्लक्षिला जातो.

अ‍ॅन्सेल्म (१०३३–११०९) याच्या सत्ताशास्त्रीय प्रमाणाविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. ज्याहून श्रेष्ठ कल्पिता येत नाही ते केवळ कल्पनेत असू शकत नाही, हा त्याचा युक्तिवाद आणि त्यावर गौनिलो या समकालीन साधूने घेतलेला परिपूर्ण बेटाचा आक्षेप सर्वपरिचित आहे. एवढेच नोंदविणे पुरे, की हे प्रमाण जगाकडे पाहतच नाही; त्यामुळे जगातील दुःखाशी त्याचा सामना होत नाही. अ‍ॅक्वायनसने ते नाकारले. त्याच्या मते मनुष्याला ईश्वराचे स्वरूप प्रत्यक्ष ज्ञात नाही. त्याला कार्यावरूनच कारणाकडे जावे लागते. पण कार्यावरून कारणाकडे जाण्याची वाट एकदा पत्करली की कार्य जसे आहे तसे स्वीकारावे लागते, आणि जग जसे आहे तसे स्वीकारले की त्यात रोग, दुष्काळ व क्रौर्य हेही आलेच.

‘सुम्मा थिओलॉजिए’ (१२६५–१२७४) या ग्रंथाच्या पहिल्या भागातील दुसऱ्या प्रश्नाच्या तिसऱ्या कलमात ‘ईश्वर आहे काय’ हा प्रश्न येतो. त्या काळच्या विद्यापीठीय पद्धतीप्रमाणे आधी आक्षेप, मग सिद्धान्त व शेवटी आक्षेपांचे निरसन अशी मांडणी आहे. पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या शास्त्रार्थाशी परिचित असलेल्या भारतीय वाचकास ती परकी वाटू नये. येथे पहिलाच आक्षेप अनिष्टाचा आहे. दोन विरोधी गोष्टींपैकी एक अनंत असेल तर दुसरीला जागाच उरणार नाही; ईश्वर म्हणजे अनंत चांगुलपणा; जगात अनिष्ट आढळते; म्हणून ईश्वर नाही. दुसरा आक्षेप असा, की निसर्ग आणि मानवी इच्छा एवढ्यांनी सर्व घटनांचा उलगडा होत असेल तर ईश्वराची कल्पना अनावश्यक ठरते. आधुनिक निरीश्वरवादाची दोन प्रमुख शस्त्रे तेराव्या शतकातील एका धर्मपंडिताने विरोधकाच्या हाती स्वतः दिली, ही गोष्ट त्याच्या बौद्धिक प्रामाणिकपणाची साक्ष देते.

त्यानंतर गती, कारणमालिका, संभाव्य व अनिवार्य सत्ता, श्रेष्ठत्वाच्या पायऱ्या आणि प्रयोजन ही पाच प्रमाणे येतात. पहिल्या आक्षेपाचे निरसन मात्र अवघ्या दोन वाक्यांत उरकलेले आहे. ऑगस्टीनचा आधार घेऊन अ‍ॅक्वायनस सांगतो, की अनिष्टातूनही इष्ट घडवून आणण्याइतका ईश्वर समर्थ व सज्जन आहे, म्हणूनच तो अनिष्ट घडू देतो. प्रमाणांना दिलेली जागा आणि निरसनाला दिलेली जागा यांतील हे अंतर वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही. अ‍ॅक्वायनसने पुढे याच ग्रंथात आणि अनिष्टावरील स्वतंत्र वादग्रंथात या विषयाचा विस्तार केला हे खरे. पण मूळ उत्तर तेथेही बदलत नाही.

अनिष्टावरून ईश्वराकडे

अ‍ॅक्वायनसच्या ‘सुम्मा कॉन्ट्रा जेंटिलेस’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात याहून धाडसी विधान आहे. बोएथियस (मृत्यू सुमारे ५२४) याने तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथातील प्रश्न तो घेतो : ईश्वर असेल तर अनिष्ट कोठून आले? आणि उत्तर देतो, की प्रश्न उलटा करावा. अनिष्ट आहे म्हणूनच ईश्वर आहे. कारण अनिष्ट म्हणजे इष्टाच्या व्यवस्थेतील उणीव असेल तर आधी व्यवस्था असली पाहिजे, आणि व्यवस्था असेल तर तिचा व्यवस्थापकही असला पाहिजे.

हा युक्तिवाद भारतीय वाचकाने अन्यत्र पाहिलेला आहे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेलेल्या उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त सुखदुःखाचे वैचित्र्य हेच अदृष्ट सिद्ध करण्याचे एक साधन ठरते. एक मनुष्य सुखी व दुसरा दुःखी, हे वैचित्र्य निष्कारण असू शकत नाही. त्याचे कारण म्हणजे पूर्वकर्मजन्य अदृष्ट होय. आणि अदृष्ट अचेतन असल्यामुळे त्याला चेतन अधिष्ठाता हवा. अशा रीतीने दुःखाची विषमता ही ईश्वराविरुद्धचा पुरावा न राहता ईश्वराच्या बाजूची साक्षीदार बनते. पॅरिस व मिथिला यांच्यामध्ये हजारो कोसांचे अंतर असूनही युक्तिवादाची चाल एकच आहे.

मात्र साम्य येथे संपते. अ‍ॅक्वायनसच्या युक्तिवादात दुःख भोगणारा माणूस दोषी आहे असे निष्पन्न होत नाही. व्यवस्थेत उणीव आहे, एवढेच निष्पन्न होते. उदयनाचार्यांच्या युक्तिवादात मात्र दुःख भोगणारा हाच आपल्या दुःखाचा कर्ता ठरतो. ईश्वर निर्दोष राहावा म्हणून कोणाला तरी दोष घ्यावा लागतो. तो कोणी घ्यायचा, यावर या दोन परंपरा विभक्त होतात. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, हे दोन दोष येतात काय, याची चर्चा आहे. ईश्वर जीवांच्या कर्मांची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो, म्हणून दोष येत नाही, असा तेथील निर्णय आहे. शंकराचार्यांनी त्यासाठी पर्जन्याचा दृष्टान्त योजला : पाऊस सर्वत्र सारखाच पडतो, भात आणि जव यांतील भेद बीजाचा असतो. मराठवाड्यासारख्या प्रदेशात, जेथे पाऊसच सारखा पडत नाही, तेथे हा दृष्टान्त किती पटतो हा वेगळा विषय आहे.

औंढ्याचा प्रश्न

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर यांनी नामदेवांना उपदेश केला, अशी परंपरा आहे. गोरोबाकाकांच्या परीक्षेत कच्चे मडके ठरलेले नामदेव गुरूच्या शोधात औंढ्यास येतात. देवळात विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेले दिसतात. नामदेव दचकतात, पाय काढावयास सांगतात. विसोबा म्हणतात, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून नेतील तेथे लिंग प्रकट होते. महिपतींच्या ‘भक्तविजया’ने (१७६२) ही कथा घरोघर पोहोचविली. नामदेवांच्या नावावरील गाथेत अनेकांच्या रचना मिसळल्या असल्याने कथेच्या ऐतिहासिकतेविषयी निश्चित विधान करणे धाडसाचे ठरेल. पण तिच्यातील विचार स्पष्ट आहे.

या कथेला ईश्वरास्तित्वाचे प्रमाण म्हणता येणार नाही. नामदेवांना देव आहे की नाही अशी शंका नव्हतीच. पंढरीचा विठ्ठल त्यांच्याशी बोलतो अशी त्यांची धारणा होती. त्यांची अडचण नेमकी उलट होती. देव त्यांच्यापुरता एका गाभाऱ्यात होता. विसोबांचा प्रश्न ‘देव आहे काय’ असा नसून ‘देव नाही असे ठिकाण कोणते’ असा आहे. अ‍ॅक्वायनसही ‘सुम्मा’च्या आठव्या प्रश्नात हाच विषय हाताळतो व ईश्वर सर्व वस्तूंत सामर्थ्याने, सान्निध्याने आणि सत्त्वाने असतो, असे सांगतो. येथवर पॅरिसच्या अध्यापकाचे आणि औंढ्याच्या गुरूचे एकमत आहे.

परंतु या एकमताची किंमत मोठी आहे. देव एकाच ठिकाणी असता तर इतर ठिकाणच्या दुःखाबद्दल त्याला जबाबदार धरता आले नसते. तो सर्वत्र आहे असे म्हटले की तो प्रत्येक अपघाताच्या, प्रत्येक अन्यायाच्या जागीही उपस्थित ठरतो. विसोबांच्या उपदेशाने नामदेवांची एक अडचण सुटली आणि अनिष्टाची समस्या त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. कथेच्या निरूपणकारांनी या दुसऱ्या बाजूकडे फारसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक नामदेवांच्या चरित्रातच तिचा अत्यंत दारुण प्रसंग आहे.

मंगळवेढ्याची भिंत

इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढे येथे गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली काम करणारे मजूर गाडले गेले. त्यांत चोखामेळा होते. परंपरा सांगते, की नामदेव तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी चोखोबांच्या म्हणून उचलल्या आणि पंढरपुरास महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. जिवंतपणी ज्या मंदिरात चोखोबांना प्रवेश नव्हता, त्या मंदिराच्या बाहेरच त्यांच्या अस्थींनाही जागा मिळाली.

ऑगस्टीन-अ‍ॅक्वायनसची अभावाची उपपत्ती या घटनेला लावून पाहावी. भिंतीचे दगड आपल्या स्वभावधर्मानुसार खाली आले. त्यात अनिष्ट असे काही द्रव्य नाही. बांधकामात जो दृढपणा असावयास हवा होता तो नव्हता, हा अभाव. इथपर्यंत उपपत्ती चालते. पण त्या भिंतीखाली नेमके कोण होते आणि का होते, हा प्रश्न विचारला की ती अडखळते. गावाच्या रक्षणासाठी भिंत. ती बांधण्याचे काम गावाबाहेर राहणाऱ्यांकडे. आणि ज्यांनी ती बांधावयाची त्यांची घरे तिच्या बाहेर. ही केवळ उणीव नव्हे. ही विचारपूर्वक रचलेली, राखलेली आणि शास्त्राधार दिलेली व्यवस्था आहे. अस्पृश्यतेला ‘समतेचा अभाव’ म्हणणे तर्कतः चुकीचे नसेलही. पण त्या शब्दात तिची क्रियाशीलता हरवते. आंधळेपणाला पहारेकरी लागत नाहीत. अस्पृश्यतेला लागत होते.

अ‍ॅक्वायनसच्या बाजूने येथे एक उत्तर देता येते आणि ते द्यावयास हवे. तो अनिष्टाचे दोन प्रकार करतो : दोषरूप अनिष्ट आणि भोगरूप अनिष्ट. पहिले कर्त्याच्या इच्छेतील विकृती होय, दुसरे भोगणाऱ्याच्या वाट्याला येते. पहिल्याचे कारण ईश्वर कोणत्याही अर्थाने नाही, असे तो निक्षून सांगतो. या भेदाच्या आधारे मंगळवेढ्याच्या घटनेत दोष बांधून घेणाऱ्यांच्या इच्छेत आणि भोग बांधणाऱ्यांच्या देहात, असे विश्लेषण शक्य होते. म्हणजे अभावाची उपपत्ती एकटी अपुरी असली तरी दोष व भोग यांच्या भेदासह ती अन्यायाला अन्याय म्हणू शकते. मात्र अ‍ॅक्वायनस स्वतः ही वाट पूर्ण चालत नाही. विवेकशील जीवांपुरते अनिष्ट हे एक तर दोष असते, नाही तर दोषाचा दंड असते, असे तो म्हणतो, आणि भोगाला ‘दंड’ हा शब्द वापरला की भोगणाऱ्यावर पुन्हा संशयाची छाया पडतेच.

ती छाया त्याने जेथे दूर सारली तो ग्रंथ म्हणजे ईयोबाच्या पुस्तकावरील त्याचे भाष्य. ईयोबाचे मित्र म्हणतात, तू दुःख भोगतोस त्याअर्थी तू पाप केले असलेच पाहिजे. ईयोब हे मान्य करीत नाही. अ‍ॅक्वायनसच्या भाष्यानुसार मित्रांची चूक अशी, की ते याच आयुष्यात पापपुण्याचा संपूर्ण हिशेब चुकता होतो असे धरून चालतात. या जीवनात सज्जन दुःख भोगतो, त्यावरून त्याच्या दोषाचे अनुमान करता येत नाही. मित्रांचे तर्कशास्त्र मराठी वाचकास सहज ओळखता येईल. गावोगावच्या ओट्यांवर ते शतकानुशतके ऐकू येत होते.

चोखोबांच्या नावावर एक अभंग आहे, ज्यात ते आपला महार जन्म हा पूर्वजन्मी केलेल्या कृष्णनिंदेचे फळ असल्याचे सांगतात. ईयोबाने मित्रांचे म्हणणे स्वीकारले असते तर तो जे बोलला असता तेच येथे आहे. या एका अभंगावरून चोखोबांची भूमिका ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांच्या इतर रचनांत देवाला थेट जाब विचारणारी वाणी आहे, आणि त्यांचा मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत तर देवाने आपणास हीन जातीत घालून काय साधले, असा उघड रोष आहे. पण तो अभंग टाळून पुढे जाणेही योग्य नाही. एखादी उपपत्ती किती बलवान आहे याची खरी खूण, ती विद्वानांनी किती चातुर्याने मांडली ही नसून, जिच्यामुळे जो भरडला गेला त्याच्या मुखात ती कशी जाऊन बसली, ही होय.

सोयराबाईंचा युक्तिवाद

ख्रिस्ती विचारालाही स्वतःची अशी एक काळी बाजू आहे आणि ती झाकून ठेवल्यास तुलना एकांगी होईल. आद्य पापाचा सिद्धान्त ऑगस्टीनने पेलागियसच्या विरोधात इतक्या टोकाला नेला, की बाप्तिस्मा न झालेली नवजात अर्भकेही शिक्षेस पात्र ठरली. मध्ययुगीन पंडितांनी या अर्भकांसाठी यातनारहित अशी निराळी अवस्था कल्पून कठोरपणा कमी केला, तरी न केलेल्या कर्माचा दोष जन्मासोबत येतो, ही मूळ कल्पना कायम राहिली. तेव्हा कर्मसिद्धान्त भोगणाऱ्याला दोषी ठरवितो आणि ख्रिस्ती मत ठरवीत नाही, असा सरळ भेद टिकत नाही.

भेद आहे तो वाटणीचा. आद्य पाप सर्वांना सारखे आहे. राजा, धर्मगुरू आणि भूदास या तिघांच्याही वाट्याला ते तेवढेच येते. कर्म मात्र प्रत्येकाचे निराळे, आणि म्हणून त्यातून उच्चनीचतेचे समर्थन निघते. सार्वत्रिक दोष उतरंड उभी करू शकत नाही. विषम दोष करू शकतो.

नेमका हाच तर्क चोदाव्या शतकातील मराठीत एका स्त्रीने मांडलेला आढळतो. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांचा विटाळावरील अभंग प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा : देहाला विटाळ आहे असे सर्व म्हणतात, पण विटाळ देहातच जन्मला आहे, ज्या स्थानी विटाळ मानला जातो तेथूनच प्रत्येक देह निर्माण होतो, तर मग सोवळा कोण? या रचनेकडे भक्तीचा उद्गार म्हणून पाहण्याची पद्धत आहे. वस्तुतः ते निर्दोष अनुमान आहे. विटाळ हा देहधर्म असेल तर तो सर्व देहांना लागू होतो. सर्व देहांना लागू असलेला धर्म काही देहांना इतरांपासून वेगळे करू शकत नाही. म्हणून विटाळाच्या आधारे केलेला माणसामाणसांतील भेद निराधार आहे. सोयराबाईंनी प्रतिपक्षाची विटाळाची कल्पना नाकारली नाही. ती सार्वत्रिक केली आणि त्याबरोबर ती निकामी झाली. ऑगस्टीनला आद्य पाप सार्वत्रिक करावयाचे होते ते सर्वांना कृपेची गरज आहे हे दाखविण्यासाठी. सोयराबाईंना विटाळ सार्वत्रिक करावयाचा होता तो कोणालाच कोणाकडे नाक मुरडण्याचा अधिकार नाही हे दाखविण्यासाठी. मध्ययुगीन तत्त्वज्ञानाच्या अध्यापनात अ‍ॅन्सेल्मच्या प्रमाणाशेजारी हा अभंग ठेवण्यास काहीच हरकत नसावी.

ख्रिस्तपुराणातील उत्तर

हे दोन प्रवाह मराठी भाषेत एकत्र आले ते सतराव्या शतकाच्या प्रारंभी गोव्यात. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची पहिले पुराण व दुसरे पुराण अशी विभागणी आहे. जेझुइट संघाच्या नियमांनी अ‍ॅक्वायनसला धर्मशास्त्रातील मार्गदर्शक ठरविले होते. त्यामुळे स्टीफन्सच्या पाठीशी तीच विचारपरंपरा उभी आहे. पण ओव्यांत त्याने प्रमाणे मांडलेली नाहीत. परमेश्वराने सृष्टी निर्माण केली, काही देवदूतांनी गर्वाने बंड केले व ते देवचार झाले, आदाम-एवा यांचे पतन झाले, आणि त्या पतनातून तारणाऱ्याच्या आगमनाची गरज निर्माण झाली, असा कथाक्रम तो रचतो. जेथे अ‍ॅक्वायनस अनिष्टाचे विश्लेषण करतो तेथे स्टीफन्स अनिष्टाचा इतिहास सांगतो. श्रोते प्रश्न विचारतात व गुरू उत्तर देतो, ही रचनाही मराठी श्रोत्याच्या परिचयाची आहे.

मराठी भाषेच्या थोरवीचे वर्णन करणाऱ्या त्याच्या ओव्या पाठ्यपुस्तकांतून आल्या, त्यामुळे ग्रंथाची ओळख भाषाप्रेमापुरती मर्यादित राहिली. त्यातील ईश्वरविचाराची समीक्षा त्या मानाने उपेक्षित आहे. विशेष लक्षणीय असे, की कर्म आणि पुनर्जन्म यांवर वाढलेल्या श्रोत्यांना येथे प्रथमच त्यांच्या भाषेत, त्यांच्या छंदात, दुःखाचा दुसरा उगम सांगितला गेला : तुझे पूर्वजन्मीचे कर्म नव्हे, तर सर्व मानवांचे एकच सामायिक पतन. तत्त्वतः या कथेत जातीच्या उतरंडीला आधार उरत नाही.

व्यवहार मात्र वेगळा होता. हे पुराण ज्या साष्टी प्रांतात ऐकविले जात होते, तेथील देवळे १५६० च्या दशकात पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. त्यांची प्रेते मिळवून आणण्यात स्टीफन्सचा सहभाग होता. आणि पुढे कुंकळ्ळीच्या गावकरांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. दोन्ही बाजूंचे रक्त पाहिलेल्या माणसाने अनिष्टाची कथा लिहिली आहे, हे वाचताना विसरता येत नाही. आणि सामायिक पतनाची कथा ऐकूनही गोव्याच्या ख्रिस्ती समाजात जातिभेद टिकून राहिला. चर्चमधील बंधुसंघांतही तो दिसत असे. सिद्धान्तातून उतरंड निघत नाही याचा अर्थ तो सिद्धान्त उतरंड मोडतो, असा होत नाही.

ओघात दोन उल्लेख करावयास हवेत. महानुभाव पंथाने जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर असे चार नित्य व परस्परभिन्न पदार्थ मानून ईश्वराला जगाच्या दोषापासून अलिप्त ठेवण्याची निराळी सोय केली. ‘लीळाचरित्रा’चा काळ हा अ‍ॅक्वायनसच्या मृत्यूच्या लगतचाच आहे, आणि या पंथाच्या मताची मानी मताशी तुलना कोणीतरी सविस्तर करावयास हवी. दुसरे, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री गोरे यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) या हिंदी ग्रंथात कर्माच्या अनादित्वावर जे आक्षेप घेतले, ते स्कोलॅस्टिक वादपद्धती आणि न्यायशास्त्र या दोहोंच्या संगमातून आलेले आहेत. मागील जन्म त्यामागील जन्मावर ढकलण्याने विषमतेचे स्पष्टीकरण होत नाही, ते केवळ लांबणीवर पडते, हा त्यांतील मुख्य मुद्दा आजही बिनतोड वाटतो.

समर्थनाची मर्यादा

ऑगस्टीन, अ‍ॅक्वायनस, उदयनाचार्य आणि स्टीफन्स या चौघांच्या विचारात एक गोष्ट समान आहे : प्रश्न ईश्वराच्या बाजूने विचारलेला आहे. आरोपी ईश्वर असून त्याची निर्दोष मुक्तता करणे हे वकिलाचे काम आहे. अनिष्टातून इष्ट निघते, हे अ‍ॅक्वायनसचे उत्तर या चौकटीत समाधानकारक ठरू शकते, कारण तेथे ‘इष्ट’ कोणासाठी हा प्रश्न येत नाही. मंगळवेढ्याच्या भिंतीतून इष्ट निघाले असे म्हणावयाचे झाल्यास चोखोबांची समाधी दाखविता येईल, वारकऱ्यांनी प्रथम तिचे दर्शन घेण्याची प्रथाही दाखविता येईल. परंतु त्या भिंतीखाली जे इतर मजूर होते, ज्यांच्या अस्थींतून कोणाला काही ऐकू आले नाही, त्यांच्यासाठी कोणते इष्ट निघाले, याला हे उत्तर मूक आहे. औंढ्याच्या उपदेशाप्रमाणे देव त्यांच्याही जागी होताच.

विसाव्या शतकात हा प्रश्न भोगणाऱ्याच्या बाजूने मांडला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या उगमावरील आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथात ईश्वरावरील विश्वासाची चिकित्सा करणारे प्रकरण आहे. ईश्वर न्यायी व दयाळू असेल तर माणसे खुनी, चोर, दुष्ट का होतात, हा तेथील एक युक्तिवाद ‘सुम्मा’तील पहिल्या आक्षेपाच्या कुळातलाच आहे. फरक असा, की ‘सुम्मा’त तो पूर्वपक्ष म्हणून आला होता आणि त्याचे निरसन दोन वाक्यांत झाले होते, येथे तो सिद्धान्त म्हणून येतो. त्याच ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, ही कर्माची कल्पनाही बुद्धाच्या विचाराशी विसंगत म्हणून बाजूला सारली आहे. तिचा हेतू राज्याला किंवा समाजाला दरिद्री व दीन माणसांच्या अवस्थेच्या जबाबदारीतून मुक्त करण्याखेरीज दुसरा दिसत नाही, असे आंबेडकरांचे म्हणणे आहे. अ‍ॅक्वायनसने ईश्वराला ज्या आरोपातून सोडविले, त्या आरोपात येथे ईश्वराच्या जागी समाज उभा केला आहे.